महिपती मिस्त्री आणि साहेबांची ब्लोअरवाली गाडी

महिपती मिस्त्रीला राग यायला फार मोठं कारण लागत नसे, हे अंबरनाथ पूर्वेला सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी इंजिनात भलतंच तेल घालून आणलं की तो तापायचा, कुणी पान्याऐवजी पक्कड लावून नट सोलून आणला की त्याहून तापायचा. पण हा राग चहाच्या कपाबरोबर उतरायचा. १९५४ सालच्या हिवाळ्यात जो राग आला तो मात्र पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. कारण एकच, शरदचंद्र साहेब आणि त्यांची ती हिरवी मोटार.

महिपती मूळचा चामटोलीचा. चार भावांत भाताची खाचरं वाटल्यावर त्याच्या वाट्याला जे आलं, त्यात बैल वळवायलाही धड जागा नव्हती. म्हणून लढाईच्या दिवसांत तो कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, मोटारींच्या शेडमध्ये मजूर म्हणून लागला. तीन वर्षांत फिटर झाला. अक्षरं जुळवून वाचायला त्याला वेळ लागे, पण चालत्या इंजिनावर लाकडी दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, की कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते तो डोळे मिटून सांगायचा. लढाई संपली. गोरे गेले, सिंधमधून उठून आलेली माणसं त्या बराकींत राहायला आली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. महिपतीने अंबरनाथला पत्र्याची शेड घातली, बायकोला, विठाला, गावाहून आणलं आणि ट्रकवाल्यांची आणि तिथल्या एका कारखान्याची कामं घेऊ लागला.

शरदचंद्र साहेब त्याच कारखान्यात इंजिनिअर. एकोणतीस वर्षांचे, हसरे, बोलायला गोड, आणि एका गोष्टीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकायचं नाही असं जणू व्रत घेतलेले. विलायतेला परत निघालेल्या एका इंग्रज मॅनेजरकडून त्यांनी ही दोन माणसांची, उघडी, लढाईच्या आधीची गाडी घेतली. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. मिस्त्री लोक त्याला ब्लोअर म्हणायचे.

"हे काय करतं रे?" असं शेजारच्या सायकलवाल्याने विचारलं, तेव्हा महिपती म्हणाला, "साधं इंजिन आपल्या हातानं जेवतं. जेवढी भूक, तेवढी हवा. ह्याला समोर बसून कोंबून भरवत्यात. म्हणून ताकद जास्त. आन् अपचनबी जास्त."

मार्च महिन्यात मुंबईच्या एका मोटार क्लबाने खोपोलीच्या घाटात चढणीची शर्यत ठेवली होती. साहेबांनी नाव नोंदवलं आणि दुसऱ्या दिवशी काखेत विलायती मासिकांचा गठ्ठा घेऊन शेडमध्ये हजर.

"मिस्त्री, हे बघा. ब्लोअरची पुली लहान केली की ब्लोअर जोरात फिरतो. हवा जास्त, ताकद जास्त. एका पुलीचा खर्च तो किती! मग मागचा पाइप सरळ काढायचा. मग दोन कार्बोरेटर. पुढच्या काचेऐवजी छोटी काच..."

"साहेब, गाडीचे ब्रेक बघितले का?"

"ब्रेक आहेत की."

"पुढचा डावा आहे. उजवा नुसता नावाला हाय. रेडिएटर निम्मा तुंबलाय. आन् तुमी इंजिनाला अजून कोंबणार?"

"अहो, ब्रेकने गाडी थांबते. मला पळवायचीय."

महिपतीने हातातला पाना खाली ठेवला. समजावून सांगायचं त्याने ठरवलं होतं, कारण माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "ऐका. हवा दाबली की ती तापती. आपल्याकडं मिळतं ते पेट्रोल हलकं. तापलेल्या हवेत ते ठिणगीच्या आधीच पेटतं. आतून टकटक आवाज येतो, घणाचे घाव पडावे तसा. तो आवाज चार मिनिटं चालू दिला, की पिस्टन गेला. तुमच्या मासिकातला माणूस चांगलं पेट्रोल जाळतो, थंड देशात जाळतो. पैसे थोडे हायत ना? मंग आधी गारवा, मंग ब्रेक, मंग थंड जातीचे प्लग आन् कार्बोरेटरला पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट. पुलीचं नाव शेवटी."

साहेबांनी सगळं मान हलवून ऐकलं. "अगदी बरोबर बोललात," म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी विचारायला आले, "पण मिस्त्री, दोन कार्बोरेटर बसवले तर?"

असं महिनाभर चाललं. सोमवारी हलकं फ्लायव्हील, बुधवारी ॲल्युमिनियमचं बॉनेट, शनिवारी कुठल्या तरी पानावरचं विमानाच्या इंजिनाचं काही. प्रत्येक वेळी महिपती रेडिएटर म्हणायचा, प्रत्येक वेळी साहेब "अगदी बरोबर" म्हणायचे. घरी आल्यावर तो भाकरी मोडता मोडता धुसफुसायचा. "पालथ्या घड्यावर पाणी गं! घडा तरी गप बसतो. हा वर 'अगदी बरोबर' म्हणतो."

"मंग नको म्हणा की त्यास्नी," विठा म्हणाली.

"म्हणलो असतो. पण ते इंजिन लई सुरेख हाय." हे सांगताना त्याला स्वतःचाच जास्त राग आला.

रेडिएटरसाठी तो स्वतः उल्हासनगरच्या कॅम्प चारला गेला. तिथे लोकूमलचं दुकान होतं, लष्कराच्या लिलावातल्या सामानाचं. लोकूमल सिंधमधल्या शिकारपूरहून आलेला. तिकडे त्याचा कापडाचा धंदा होता. इकडे आल्यावर हाती लागेल ते विकता विकता तो गिअर आणि बेअरिंगं ओळखायला शिकला होता.

"साईं, बोला. जीपचा रेडिएटर आहे, एकदम नवा, कागदातून काढलेला नाही," लोकूमल म्हणाला. मग अंमळ थांबून, "लेकिन तुमचे साहेब तर परवाच येऊन गेले. पुली बनवून घेतली ना मागच्या लेथवर. तुमको पता नहीं?"

महिपतीला पत्ता नव्हता. तो रेडिएटर तिथेच टाकून परत फिरला. उशीर झाला होता. साहेबांनी शेडचं दार उघडून घेऊन, स्वतःच्या हाताने पुली चढवून गाडी बदलापूरच्या रस्त्यावर काढली होती. संध्याकाळी ती बैलगाडीच्या मागे दोरीला बांधून परत आली. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर करंगळी जाईल एवढं भोक निघालं. कडा मेणासारख्या वितळलेल्या.

"सुरुवातीला काय उचलली गाडी, मिस्त्री! तुम्हाला काय सांगू!"

"टकटक आली होती?"

"थोडी आली. मला वाटलं, जाईल."

महिपतीने तो पिस्टन साहेबांच्या हातात ठेवला. "ही गाडी घेऊन जा. दुसरा मिस्त्री बघा. मला जमायचं न्हाई."

साहेब गेले, गाडी मात्र तिथेच राहिली, कारण ती हलायलाच तयार नव्हती. चार दिवस महिपती तिच्याकडे पाठ करून ट्रकची कामं करत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी साहेबांची बायको आली. उमाबाई. हातात वही आणि पेन्सिल. त्यांचे वडील इंदूरकडे एका संस्थानाच्या मोटारखान्यावर होते, हे महिपतीला पुढे कळलं. तेव्हा त्याने फक्त एवढंच बघितलं की बाईंनी पदर खोचला आणि वाकून पट्टा कुठून कुठे जातो ते नीट पाहिलं.

"मिस्त्री, ह्यांना दहा गोष्टी हव्या आहेत आणि आमची ऐपत तीन गोष्टींची आहे. मला एवढंच सांगा, एकच करायची असेल तर कुठली?"

तीस दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"नवा पिस्टन तर घालावाच लागंल, तो धरत न्हाई. एकच म्हणलात तर रेडिएटर. दुसरी, ब्रेकची चारी अस्तरं. तिसरी, प्लग आन् जेट, ते मिळून एकच धरा. जुनी पुली परत चढवायची."

त्यांनी लिहून घेतलं. खाली रेघ मारली. "आणि चौथी कुठलीच नाही," म्हणाल्या. "ते काही घेऊन आले तर मला सांगा."

त्यानंतरचे तीन आठवडे काम सरळ झालं. लोकूमलने रेडिएटर दिला, तो गाडीत बसेना म्हणून महिपतीने पट्ट्या कापून पुढचं नाक बोटभर वाढवलं. गाडी ठेंगण्या माणसाने टोपी पुढे ओढावी तशी दिसू लागली. साहेबांना ते आवडलं नाही, पण ते बोलले नाहीत. बदलापूरच्या चढावर इंजिन आता एकसुरात गात जायचं. महिपती बरा जेवू लागला.

आणि शर्यतीच्या आठ दिवस आधी साहेबांनी मासिकात वाचलं की ठिणगी थोडी आधी पाडली तर जोर वाढतो. त्यांनी ती आधी केली. किती, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पुढून हँडल मारलं, इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडलने साहेबांचं उजवं मनगट मोडलं.

"झालं!" महिपती कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "पिस्टन झाला, आता मालक. अजून काय मोडायचं उरलंय?"

क्लबाचा नियम असा की सभासद किंवा त्याच्या घरचं माणूसच गाडी चालवणार. पगारी मिस्त्री शेजारी बसलेला चालेल. साहेबांना भाऊ नव्हता. उमाबाई म्हणाल्या, "मला चालवता येते. वडिलांनी शिकवलीय."

महिपतीने आधी साहेबांकडे पाहिलं, मग छताकडे. बाईमाणूस घाटात, ब्लोअरच्या गाडीवर, आणि शेजारी तो! चामटोलीला हे कळलं तर म्हातारी आई काय म्हणेल, याचा त्याने विचार केला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे ठिणगीची वेळ परत जागेवर आणून त्याने त्यांना चढावर नेलं. पहिल्या वळणाला त्याने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी गिअर खाली घेतला होता. चार दिवस त्याला सांगायला फारसं काही सापडलं नाही. हेही त्याला जरा खटकलंच.

शर्यतीला सतरा गाड्या होत्या. काही तर अशा चकचकीत की महिपतीने हात पाठीमागे बांधून ठेवले. वर पोचायच्या आत तीन गाड्या उकळून कडेला उभ्या राहिल्या, एक ब्रेक न लागता दगडाच्या कठड्याला घासली. हिरव्या गाडीची पाळी आली तेव्हा ऊन चढलं होतं. बाईंनी ती उठवली तशी महिपतीची पाठ आसनाला चिकटली. वळणं एकामागून एक मागे पडत होती, ब्रेक चारी चाकांना सारखा लागत होता, ब्लोअरची शीळ कड्यावर आपटून परत येत होती. शेवटच्या उभ्या चढावर, फक्त शंभरेक हात उरले असताना, आतून बारीक आवाज आला. टक. टक टक.

महिपती बोलायच्या आत बाईंचा पाय अर्धा वर आला होता. आवाज थांबला. त्यांनी पुन्हा हळूच दाबला, आवाजाच्या अलीकडे ठेवला आणि तशीच रेषा ओलांडली.

तिसरा नंबर. दुसऱ्यापेक्षा दीड सेकंद मागे.

साहेब मोडका हात गळ्यात अडकवून धावत आले. आणि पहिला शब्द काय काढावा? "उमा, शेवटी पाय का काढलास? दुसरा नंबर होता!"

मग महिपतीचं इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. क्लबाचे सूटवाले, त्यांच्या गॉगलवाल्या बायका, चहावाला, सगळ्यांदेखत. "का काढला? पिस्टनला दुसरं भोक पाडायला नको म्हणून काढला! तुमी एवढे शिकलेले, तुमाला कान न्हाईत का? इंजिन सांगत होतं, त्यांनी ऐकलं. मी सांगत होतो, तुमी 'अगदी बरोबर' म्हणत होतात. महिनाभर! त्या उकळलेल्या गाड्या बघा तिकडं. त्यांच्याकडंबी मासिकं असतील!"

कुणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वळून निघून गेले. महिपती बॉनेटपाशी उभा राहिला. साहेबलोकांसमोर असं बोलल्यावर गिऱ्हाईक तर गेलंच, आणि अंबरनाथला बातमी पोचली की कारखान्याची बाकीची कामंही जाणार, असं त्याला वाटलं. रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून सोडवता येतं का, ते उमाबाई बघत होत्या.

"राहू द्या, भाजंल," तो म्हणाला.

थोड्या वेळाने साहेब परत आले. डाव्या हातात चहाचा पेला, बशीशिवाय, अर्धा बाहीवर सांडलेला. तो त्यांनी महिपतीपुढे धरला. घ्यावा की नाही, हे त्याला कळेना. बोटं पोळत असतील, म्हणून त्याने घेतला.

"पुढच्या वर्षी कुठून सुरुवात करायची, मिस्त्री?"

"टायर," महिपती म्हणाला.

साहेबांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी ते मिटलं.

पुढचं वर्ष काही आलं नाही. पावसाळ्यातच साहेबांची बदली कानपूरला झाली आणि गाडी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने घेतली. त्याने ब्लोअर काढून टाकला, आवाज फार करतो म्हणून. हे लोकूमलकडून कळलं तेव्हा महिपती दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसत राहिला. कारखान्याची कामं गेली नाहीत. उलट घाटातलं भांडण ऐकून दोन ट्रकमालक कल्याणहून आले. गाडीला काय नको, हे तोंडावर सांगणारा मिस्त्री त्यांना हवा होता. शेड वाढली. आता पत्र्याखाली दोन ट्रक मावत.

दिवाळीला कानपूरहून पत्र यायचं, उमाबाईंच्या अक्षरात. साहेबांनी आता मोटारसायकल घेतली आहे आणि तिच्या सायलेन्सरबद्दल त्यांना तुमचं मत हवं आहे, असं एका पत्रात होतं. विठाने ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. महिपतीने पुढचं ऐकलंच नाही. "कळव त्यास्नी," तो हात पुसत म्हणाला, "आधी ब्रेक बघा म्हणावं."