मोदक नको म्हणणारे काका

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला की ओळखावं, कुणाचा तरी ठराव आता आडवा होणार. "घटनेत कुठे आहे हे?" ते अगदी गोड आवाजात विचारायचे.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळाची घटना चार पानी. गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले काका सोडले तर ती कुणी वाचली नव्हती. तुमच्याही मंडळात असा एक जण असेलच.

त्यांना गप्प बसवायला समितीने ठराव करून त्यांना मोदक स्पर्धेचे परीक्षक नेमलं. काका म्हणाले, "समितीला परीक्षक नेमताच येत नाही. ठराव रद्द. मी मोदकाला हात लावणार नाही." आम्ही खूश. घरी जाताना नवरा म्हणाला, "अगं, यांनी मोदक सोडले आणि ठराव रद्द करायचा हक्क खिशात घातला."

मी फोन केला, तर काका हसले. "इथल्या सुप्रीम कोर्टाने हेच केलं. कायदे रद्द करायचा हक्क अमेरिकेच्या घटनेत असा लिहिलेला कुठेच नाही. एक जण अडलेली नेमणूक मागायला आला. कोर्ट म्हणालं, तुझं खरं आहे, पण ज्या कायद्याने तू थेट आमच्याकडे आलास, तोच घटनेविरुद्ध. त्याला हात हलवत परत पाठवलं. सरकार जिंकलं, मग कुरकुर कोण करणार? हक्क मात्र कोर्टाकडे राहिला."

पुढे मी अध्यक्ष झाले. गणपतीचा कार्यक्रम लांबतो, जेवण गार होतं, म्हणून ठराव केला: रंगमंचावर फक्त सभासद. भारतातून मुलांकडे आलेले आईवडील बाद. नागपूरच्या एक मावशी लेकीच्या बेसमेंटमध्ये उन्हाळाभर नाट्यगीत घोटत होत्या. त्यांचं नाव मी खोडलं.

चष्मा वर गेला. "कार्यक्रम सर्व मराठी भाषकांना खुले, असं घटना म्हणते. ठराव रद्द."

"काका, तुम्हाला हा अधिकार दिला कुणी? घटनेत कुठे आहे?"

"कुठेच नाही. माझ्याकडे पोलीस नाहीत, माइकसुद्धा तुझ्याच हातात. तू ऐकलंस तर अधिकार, नाहीतर म्हातारा बडबडतोय."

मी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. मावशी गायल्या. वन्समोअर कुणी दिला नव्हता, तरी पुन्हा गायल्या. काकांनी गार मसालेभात मुकाट्याने खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात काका वारले. यंदा सभेत मी तोच ठराव पुन्हा मांडला. काकांची पुढची खुर्ची रिकामी. 'मंजूर' म्हणणार, तोच मागून आवाज आला, "घटनेत कुठे आहे जी हे?"

नागपूरच्या मावशी. यंदाही लेकीकडे आलेल्या. सभासद नाहीत, मत नाही, सभेत बोलायचाही हक्क नाही.

मी ठराव मागे घेतला आणि केटररला फोन करून जेवण तासभर उशिरा आणायला सांगितलं.