सहा पकडी आणि विलासदादा

जीनचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये एका पेशंटचा खांदा हलवून बघत होते. इंग्लंडहून ती अशा कामाच्या वेळी कधी फोन करत नसे, म्हणून पेशंटला थांबायला सांगून बाहेर आले. "विलास सकाळी गेला," ती म्हणाली, "झोपेतच. कुणाकडून कळण्याआधी मीच तुला सांगावं असं वाटलं." मी काय बोलले ते आता आठवत नाही. परत आत गेले, उरलेला व्यायाम करून घेतला, पुढची तारीख दिली, आणि मग स्टाफरूमचं दार लावून बसून राहिले... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

विलास खोत हे नाव कुवेतमधल्या फारशा मराठी घरांना माहीत नव्हतं. आमचे गणपती, कोजागिरी, यांत ते कधी दिसले नाहीत. पण इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका गिरणीगावात त्यांना अजूनही ओळखणारी म्हातारी माणसं आहेत. तिथे ते रग्बी लीग खेळायचे, चांगलं नाव असलेल्या संघातून, पोटापाण्यासाठी. पुढे त्याच गावात कोच झाले. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर बायकोबरोबर, म्हणजे जीनबरोबर, कुवेतला आले आणि दोघंही सलव्याजवळच्या एका इंग्रजी शाळेत लागले. ती लहान मुलांना शिकवायला, ते खेळ शिकवायला.

आमची ओळख त्यांच्या गुडघ्यामुळे झाली. फाइलवर ब्रिटिश पासपोर्ट, समोर बुटका, रुंद, मोडक्या नाकाचा सावळा माणूस. मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत सुरुवात केली. एक्स-रे घेऊन आलेला आमचा टेक्निशियन सतीश माने हा तासगावकडचा. त्याने फोटो उजेडात धरला आणि मला मराठीत म्हणाला, "मॅडम, हे गृहस्थ कबड्डी खेळायचे की काय? गुडघ्याचं पार पीठ झालंय." तर पेशंट टेबलावरून म्हणाला, "कबड्डी न्हाई रं. पर त्याच्याच मावसभावानं केलंय हे."

आम्ही दोघं बघतच राहिलो. ते मात्र आमच्यापेक्षा जास्त गोंधळले होते. आपल्याच तोंडून काय निघालं ते ऐकल्यासारखे थांबले, आणि त्यांचे डोळे भरून आले. कोल्हापूरजवळच्या खेड्यातून वडिलांच्या पाठोपाठ ते आठ वर्षांचे असताना इंग्लंडला गेले. वडील लोकरीच्या गिरणीत. घरात मराठी बोलायची ती फक्त आई, आणि ती गेल्यापासून तीसेक वर्षं ते मराठीत कुणाशी एक वाक्यही बोलले नव्हते. मी पुण्याची; माझ्या मराठीला ते "रेडिओवरलं मराठी" म्हणायचे. त्यांची भाषा आईकडून घेतलेली, तिथेच थांबलेली. साठीला आलेला माणूस बोलताना एखाद्या खेड्यातल्या पोरासारखा वाटायचा.

सतीश आणि त्याचे मित्र खैतानला राहायचे आणि शुक्रवारी सुट्टीला कबड्डी खेळायचे. कुणी एसी दुरुस्त करणारा, कुणी वॉर्डबॉय, एक बँकेतला. विलासदादा एकदा बघायला म्हणून गेले आणि पुढच्या शुक्रवारी अंडाकृती बॉल घेऊन हजर झाले. राई भागात गोदामांच्या मागे एक मोकळा मातीचा तुकडा होता. तिथे त्यांनी या पोरांना रग्बी लीग शिकवायला घेतलं. "तेरा गडी," ते समजावून सांगायचे, "आन् सहा पकडी. बॉल घिऊन पळायचं, त्यांनी पकडलं की उठायचं, पुन्ना पळायचं. सहाव्यांदा पकडलं की बॉल त्यास्नी देऊन टाकायचा. रडायचं न्हाई." पकड या शब्दानेच अर्धं काम केलं. गोऱ्या मुलांना पायात घुसून माणूस पाडायला शिकवताना आपली वर्षं गेली, हे येतानाच शिकून आलेत, असं ते मला कौतुकाने सांगायचे. पोरं घोटे मुरगळून घ्यायची, म्हणून मीही शुक्रवारी पट्ट्या आणि बर्फाचा डबा घेऊन जायला लागले. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विलासदादांना बघायला आवडायचं. एरवी शाळेत अंग चोरून वावरणारा तो माणूस तिथे मातीत उभा राहून गरजायचा, अर्धं यॉर्कशरचं इंग्रजी आणि अर्धं कोल्हापुरी.

तीन हिवाळे असे गेले. मग वेगवेगळ्या शाळांतल्या इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन शिक्षकांच्या संघाशी आमचा सामना ठरला. ते लोक लहानपणापासून खेळलेले, आपली मुलं त्यांच्या खांद्याला लागणारी. सगळे म्हणत होते, मजा म्हणून खेळा. पण खेळ संपत आला तेव्हा आपली मुलं थोडी का होईना, पुढे होती, आणि त्याचं मोठं कारण सतीश होता. त्याच्या हातून एकही जण सुटत नव्हता. तेवढ्यात एकाला खाली घेताना त्याचा गुडघा सतीशच्या कानशिलावर बसला. सतीश क्षणभर निपचित पडला, मग स्वतःच उठला. विलासदादा लंगडत आत गेले.

"आज वार कुठला?"

"शुक्रवार, दादा. बरा आहे मी."

"फुडं कोन हाय?"

"आपण. चार गुणांनी. दादा, खरंच काही नाही झालं."

"समदं बरोबर सांगितलंस. आता भाईर चल."

बदली खेळाडू आधीच वापरून झाले होते. सतीश गेला म्हणजे बारा जणांनी खेळायचं. मुलं हातापाया पडली, समोरच्या संघाचा कप्तानसुद्धा म्हणाला की तो ठीक दिसतोय. विलासदादांनी सतीशचा दंड धरला तो सोडलाच नाही. शेवटी सामना हरलो. सतीशने कानशिलाला घट्ट धरलेली बर्फाची पिशवी जमिनीवर आपटली आणि म्हणाला, "तुम्हाला आम्ही जिंकायलाच नको होतं." कुणीही दादांचा निरोप न घेता मुलं निघून गेली.

आम्ही दोघंच उरलो. सामान गाडीत ठेवलं तरी दादा किल्ली हातात घेऊन उभेच होते. मग खाली बघत म्हणाले, "ताई, तू म्होरं चालव, मी मागनं येतो. सलव्याचा रस्ता... आज सापडंना झालाय." मला वाटलं दमलेत. मी म्हटलं, "दादा, रोजचा तर रस्ता." तेव्हा त्यांनी सांगितलं. खेळायच्या दिवसांत ते किती वेळा बेशुद्ध पडले याचा हिशेब नव्हता. शुद्धीवर आणायला नवसागराची बाटली नाकाशी धरायची, वार विचारायचा, आणि परत आत ढकलायचं. "मलाबी वार बरोबर सांगता यायचा," ते म्हणाले. "दर टायमाला बरोबर सांगितला. आन् आता बग." डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान करून काही महिने झाले होते. जीनशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी माझी गाडी तिथेच ठेवली आणि त्यांची चालवली. वाटेत ते सतीशबद्दलच बोलत होते, रात्री त्याला एकट्याला झोपू देऊ नका म्हणून.

दुसऱ्या दिवशी हे मी सतीशला सांगितलं. तो एक्स-रेच्या खोलीत जाऊन बसला. पुढच्या शुक्रवारी तो सलव्याला दादांच्या घरी गेला आणि त्यानंतर एकही शुक्रवार चुकवला नाही. पुढे दादांना दाढी करणं जमेना, तेव्हा दाढी तोच करायचा. दादा त्याला कधी ओळखायचे, कधी नाही.

दादांची नोकरी सुटली, जीनच्या इकाम्यावर, म्हणजे तिच्या राहण्याच्या परवान्यावर, ते घरी राहिले. आणि मग एक दिवस जीनचा फोन आला: "तू येशील का? तो बोलतोय, पण मला कळत नाही." त्यांचं इंग्रजी हळूहळू निघून चाललं होतं. पस्तीस वर्षांचा संसार ज्या भाषेत झाला ती पुसली जात होती आणि खालून आईची भाषा वर येत होती. मी गेले तेव्हा ते खुर्चीत पुढे झुकून, हात हलवून कुणाला तरी थांबवत होते. "आये, आत येऊ नगंस. मला लागल्यालं न्हाई. मागं फिर, लोक हसत्यात." मी जीनला अर्थ सांगितला, पण मला स्वतःलाच त्याचा अर्थ लागत नव्हता. जीनने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, त्यांच्या पहिल्या मोठ्या सामन्याला सासूबाई आल्या होत्या, साडीवर कोट घालून. तीन माणसं मुलाच्या अंगावर पडलेली पाहून त्या थेट मैदानात चालत गेल्या, आणि त्यांना उचलून बाहेर आणावं लागलं. गावात पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट हसून सांगत. विलासदादांनी मात्र ती स्वतः कधीच सांगितली नव्हती... शब्द माझ्याकडे होते आणि गोष्ट तिच्याकडे. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून ते वाक्य पुरं केलं.

त्यानंतर जीन माझ्याकडून मराठी शिकायला लागली. पाणी, दुखतंय का, जेवलास का, झोप आता. साठीची इंग्रज बाई, फ्रिजच्या दारावर रोमन लिपीत शब्द चिकटवून पाठ करायची. दादा संध्याकाळी घाबरून हाका मारायचे तेव्हा काय म्हणू, असं तिने विचारलं. मी सांगितलं, "मी आहे, असं म्हण." तिने म्हटलं. दादांनी वर पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि कोचच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "आहे न्हाई. हाय. मी हाय." जीनने परत म्हटलं. त्यांना ते पटलं. हात तिच्या हातात दिला आणि गप्प झाले.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा ते दोघं कायमचे इंग्लंडला निघून गेले. विमानतळावर दादांनी मला आणि सतीशला नमस्कार केला, अनोळखी पाहुण्यांना करावा तसा.

परवा जीनशी पुन्हा बोलले. घर आवरतेय, म्हणाली. त्यांची खोली अजून तशीच आहे. "एक सांगू? हसू नकोस," ती म्हणाली. "संध्याकाळ झाली की मी स्वयंपाकघरात दिवा लावते, आणि कुणी हाक मारलेली नसते, तरी माझ्या तोंडून निघतं." मग तिने म्हणून दाखवलं, 'ह'वर नीट जोर देऊन, त्यांनी शिकवलं होतं अगदी तसं...

"मी हाय."