तुळजारामाच्या फोटोंतली लाली

तुळजारामाला शेषाद्रीचं काहीच बघवत नसे. त्याच्या दुकानाची भलीमोठी काच बघवत नसे, काचेमागची फिरती खुर्ची बघवत नसे, आणि पाटीवरचा तो निळा दिवा तर मुळीच नाही. तंजावरात फोटोचं दुकान टाकायला जागेचा दुष्काळ पडला होता का? पण या आतेभावाला नेमकी तुळजारामाच्या खिडकीसमोरचीच जागा मिळावी! पोंगल झाला, समोर पाटी चढली, आणि तुळजारामाने बायकोचं जुनं लाल लुगडं काढून खिडकीला बांधून टाकलं. वरलक्ष्मीने विचारलं, तेव्हा म्हणाला, "दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं." ऊन त्या खिडकीतून त्याच्या बापाच्या काळापासून येत होतं.

खरं दुखणं वेगळं होतं. शेषाद्रीला ब्रश धरायला शिकवला तुळजारामानेच. काळ्यापांढऱ्या फोटोंत गालांना रंग कसा द्यायचा, ओठाला किती, कानाच्या पाळीला किती, हे सगळं त्याने या पोराला शेजारी बसवून दाखवलं. पुढे संगणक आले, तेव्हा दोघंही शिकले. पण शेषाद्री आकडे बघून रंग सुधारायचा, आणि तुळजाराम डोळ्यांनी. "आकडे बघायला मी काय शाळेतला मास्तर आहे?" असं तो चारचौघांत म्हणायचा. डोळा हीच त्याची मिळकत होती आणि तिचा त्याला गर्व होता.

आणि तरी गिऱ्हाइकं समोर चालली होती. कोणी म्हणे, फोटो जरा तांबूस आले. कोणी काहीच न म्हणता जाई. तुळजारामाला कारण स्वच्छ दिसत होतं: शेषाद्री लोकांना फूस लावतो. फोटो छापणारा लॅबवालाही त्याला सामील असणार. पडद्याआड बसूनही समोरच्या दारात कोणाची स्कूटर थांबली ते त्याला आवाजावरून कळे, आणि मग जेवण गोड लागत नसे.

राहिलं होतं एकच घर, तिरुवैयारुच्या गंगाबाईंचं. गाणं शिकवणाऱ्या गंगाबाईंच्या घरचं प्रत्येक बारसं नि लग्न तुळजारामाच्या बापाने, आणि नंतर त्याने टिपलेलं. आता त्यांच्या यजमानांना ऐंशी पूर्ण झाली होती. ऐंशीला आपल्यात पुन्हा मंत्र, पुन्हा कलशांचं पाणी, पुन्हा ताळीचं मंगळसूत्र. त्या सोहळ्याचा अल्बम तुळजारामाकडेच होता. हे घर गेलं की दुकानाला कुलूप, हे तो मनात धरून होता. शेषाद्रीसमोर कुलूप लावायचं, ही कल्पना त्याला उपाशी राहण्याहून वाईट वाटत होती.

त्याने जीव ओतून काम केलं. संगणकात फोटोवर एकावर एक चढवायचे थर, म्हणजे लेयर; त्यातल्या एकावर सुरकुत्यांतल्या सावल्या सौम्य केल्या, दुसऱ्यावर मंडपाच्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा डबा पुसला. फोटो हिरवट वाटत होते, म्हणून सगळ्यांवर रंग सुधारण्याचा एक लेयर चढवून थोडा लाल वाढवला. स्क्रीनवर गंगाबाई कशा प्रसन्न दिसत होत्या!

छापून आलेला अल्बम बघून मात्र गंगाबाई दुकानातच बसल्या. "तुळजा, हे काय रे? आम्ही दोघं भांडून बसलोय म्हणून दिसतं की! तोंडं अस्की लाल, सगळीच्या सगळी!"

"लॅबवाल्याचं तप्पु, अक्का, त्याचीच चूक. पुन्हा छापून आणतो."

पुन्हा छापलं, पुन्हा लाल. या खेपेला गंगाबाईंनी अल्बम मुकाट्याने पिशवीत घातला आणि त्या निघाल्या. पडदा असूनही तुळजारामाने पायांचा आवाज ऐकला. रस्ता ओलांडून ते पाय समोरच्याच दुकानात गेले. संपलं, तो स्वतःशी म्हणाला.

दुसऱ्या दुपारी शेषाद्री स्वतः दारात उभा. "अण्णा, इकडून जात होतो. काय चाललंय?"

समोरच्या दुकानातून इकडून जायला रस्ता कुठे जात होता, देव जाणे. शेवटचं घर नेलंस, आता मुडदा बघायला आलास का, हे तुळजारामाच्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात शेषाद्रीचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. "गंगाअक्काचं काम कां? जरा पाहू?"

नाही म्हणावं तर भ्याला असं वाटेल. "सरि, पाहा."

शेषाद्री त्याच्या खुर्चीत बसला, त्याच्या बापाच्या खुर्चीत! त्याने माउसचा बाण फोटोतल्या यजमानांच्या पांढऱ्या वेष्टीवर, त्या धोतरावर, नेला, तसे कोपऱ्यात लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे उमटले. "पांढऱ्यात तिन्ही रंग सारखे पाहिजेत, अण्णा. इथे लाल जास्ती." मग तो वरून एकेक लेयर बंद करत गेला. रंग सुधारण्याचा लेयर बंद केला, तसे आकडे सारखे झाले.

"बघ, हिरवट झाला की नाही?" तुळजाराम जिंकल्यासारखा म्हणाला.

शेषाद्रीने डोळे चोळले. "हो अण्णा, मलाही हिरवट दिसतो." तो गोंधळला. "आकडे बरोबर आणि दिसतो हिरवट. मग फोटोत तप्पु नाही. आपल्या डोळ्यांत आहे, नाहीतर या खोलीत." त्याने भिंतीकडे पाहिलं. पांढरी भिंत गुलाबी झाली होती, टेबलावरचे कागद गुलाबी, तुळजारामाचा सदरा गुलाबी. लाल उजेडात बसून बसून डोळ्यांना तोच उजेड पांढरा वाटायला लागला होता. म्हणून खरा पांढरा हिरवट दिसे, आणि तुळजाराम रोज इमानाने त्यात लाल ओतत असे.

शेषाद्री उठला आणि त्याने लुगडं बाजूला सारलं. स्क्रीनवरचा हिरवटपणा हळूहळू निवला. आणि खिडकीत, अगदी समोर, त्याची स्वतःची पाटी उभी राहिली.

तो पाटीकडे बघत राहिला. मग लुगड्याच्या गाठीकडे. "हे कधी बांधलंस, अण्णा?"

तुळजाराम टेबलावरचे कागद सारखे करू लागला. कानशिलं तापली होती. "येतो," एवढं म्हणून शेषाद्री गेला. त्याने टोमणा मारला असता तरी बरं झालं असतं.

वाढवलेला लाल काढून छापलेला नवा अल्बम घेऊन तुळजाराम तिरुवैयारुला गेला. पान उलटता उलटता गंगाबाई हसल्या. "हं, हे आम्ही. कोणी शोधलं रे तप्पु?"

'मी' म्हणायला जीभ उचलली होती. त्या म्हातारीचे डोळे त्याच्यावर होते. "शेषाद्रीने," तो म्हणाला. ते एवढंसं नाव बाहेर काढताना त्याला ठसका लागला.

"मी अल्बम त्याच्याकडे टाकून आलेले," गंगाबाई म्हणाल्या. "त्याने परत पाठवला. म्हणाला, हे काम अण्णाचं, मला नको. त्याचा डोळा माझ्यापेक्षा चांगला, काहीतरी अडलंय, मी जाऊन बघतो. तुला सांगू नको म्हणाला होता."

परतीच्या बसमध्ये तुळजाराम धुमसत होता. हा माणूस चोर असता, लबाड असता, तर किती सोपं झालं असतं. इतके महिने ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याने निदान वाईट तरी असावं! आता हेवा करायचा तो दुकानाचा नाही, त्या माणसाचाच. त्याला काही पडदा बांधता येत नव्हता.

वरलक्ष्मीने ऐकून घेतलं आणि त्याचीच जुनी पांढरी वेष्टी आणून पुढे ठेवली. "ही बांधा. पांढऱ्याने रंग बिघडणार नाही. पाटीही दिसणार नाही."

तुळजारामाने ती हातात घेतली, घडी उलगडली, पुन्हा घातली आणि कपाटात ठेवून दिली. मग तो खुर्चीत बसला. उघड्या खिडकीतून समोर काचेमागे शेषाद्री काम करताना दिसत होता. त्याने मान वर केली. तुळजारामाला नजर वळवायची होती, पण आधी हातच वर गेला.