पोलिसाला ते घरचं भांडण वाटलं

दिल्लीतल्या मराठी मंडळींनो, घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

आज दुपारी माझ्या लेकीला, सईला, कपडे घ्यायला बाजारात घेऊन गेले होते. गर्दीत एका माणसाने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढायला लागला. मी "सोड तिला, सोड म्हणते ना" असं ओरडत त्याच्या अंगावर धावून गेले. ऑफिसात दिवसभर हिंदी बोलते मी, पण तेव्हा तोंडातून फक्त मराठी निघालं.

पोलीस जवळच उभा होता. नुसता बघत राहिला.

शेवटी सईच त्या माणसाच्या हाताला कडकडून चावली, तेव्हा तो पळाला.

मी पोलिसाला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हमें लगा घर का झगडा है."

परतताना मेट्रोत मी सईला बजावलं, "यापुढे पोलिसांच्या भरवशावर राहायचं नाही. कराटे शिकायचं. आणि ओरडायचं ते हिंदीत."

सई म्हणाली, "आई, तो खरंच आपल्या घरातला असता, तर ओढू द्यायचं होतं का?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?