दिवा शांत होऊ दे

"थांब. दिवा शांत होऊ दे."

पेन ड्राइव्हकडे माझा हात गेला, की बाई आपला तळवा मध्ये आडवा धरायच्या. 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप पडद्यावर आला, पेन ड्राइव्हचा लुकलुकता दिवा थांबला, की मगच तळवा बाजूला व्हायचा.

मंगळवार पेठेत माझं टायपिंगचं दुकान. बाई पेठ वडगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतरच ज्यांची खरी नोकरी सुरू होते, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत फिरून म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणायच्या. मी त्या ऐकून टाइप करायची.

तो आडवा तळवा माझ्यामुळेच आला. आजऱ्याकडच्या एका आजींच्या ओव्या मी रेकॉर्डरवरून पेन ड्राइव्हवर घेतल्या, रेकॉर्डर रिकामा केला आणि दारात गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून पेन ड्राइव्ह तसाच उपटला. दुसऱ्या दिवशी टाइप करायला बसले, तर फाईल उघडेना. आत काहीच उरलं नव्हतं.

बाई आल्या तसं मी त्यांना सांगून टाकलं. बाई स्टुलावर बसल्या. पाणी मागून घेतलं.

"उद्याची एसटी धरते," एवढंच म्हणाल्या.

"आजींना काय सांगणार?"

"खरं तेच. आमच्या हातनं पुसलं म्हणून."

'आमच्या' म्हणाल्या. चूक माझ्या एकटीची होती.

आजी पुन्हा गायल्या. पण दोन ओव्या काही केल्या त्यांना आठवल्या नाहीत. टाइप करताना बाईंनी तेवढी जागा कोरी ठेवायला लावली.

"ही कशाला?"

"आठवल्या तर आजी निरोप धाडतील की."

निरोप आला नाही. जागा अजून कोरीच आहे.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. महिन्याभरानं त्यांची मुलगी दुकानात आली. "आईचा आवाज कशात सापडेल का हो?"

मी सगळ्या फाईली ऐकल्या. बाई कुठेच नव्हत्या. समोरची बाई गात असताना त्या श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. फक्त आजऱ्याच्या दुसऱ्या फेरीत एक ओवी मध्येच थांबते.

"लांबनं आलीस. जेवलीस न्हवं, बाई?"

आणि शाळेतली भाषा पार विसरून बाई म्हणतात, "व्हय आज्जी, जेवलो की. म्हणा तुमी."

मुलीनं तेवढंच तीनदा लावायला सांगितलं. चौथ्यांदा आजींची पुढची ओवी सुरू झाली, तेव्हा आम्ही दोघींनी ती थांबवली नाही.