उस्तादांचे पाय

उस्तादांच्या हातचा जोडा पहिल्या दिवसापासून चावत नाही, ही गोष्ट त्या गल्लीत कुणी तपासून पाहायच्या भानगडीत पडत नसे. मानलेलीच होती. त्यामागे जादूटोणा काही नव्हता. जोडा तयार झाला की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी उस्ताद तो, माप थोडं इकडेतिकडे असलं तरी, स्वतः एक दिवस घालायचे. घालून बसायचे, उभे राहायचे, कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जाऊन यायचे आणि संध्याकाळी काढून, जिथे टोचलं तिथे आतून रापीच्या चपट्या धारेनं खरवडायचे. टाचेशी कडक लागलं तर कातडं हातोडीनं ठोकून मऊ करायचे. आमचा पाय हाच आमचा तराजू, असं म्हणायचे आणि मिशीवरून बोट फिरवायचे.

बायकांच्या चपला-सँडल मात्र त्यांच्या पायात कशा जाणार? त्या बायकोच्या वाट्याला यायच्या. तिला सगळी गल्ली उस्तादीणबाई म्हणायची. दुकानाच्या मागे एक पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, आणि त्यात उस्तादीणबाई परक्या बाईची उंच टाचेची सँडल घालून भात शिजवताहेत, हे दृश्य शेजारणींच्या करमणुकीचं होतं. "दर आठवड्याला नवी जोडी! नवरा असावा तर असा," असं कुणीतरी म्हणायचंच. दुसऱ्या दिवशी ती जोडी भलत्याच बाईच्या पायात रस्त्यानं जायची आणि उस्तादीणबाई अनवाणी दारात उभ्या राहून बघायच्या. आता इतक्या वर्षांनी त्यांना त्याचंच हसू येतं. आयुष्यभर नव्या चपला घातल्या आणि स्वतःची म्हणावी अशी एकच, तीही अंगठा तुटलेली.

पन्नाशी ओलांडली आणि उस्तादांना तहान लागू लागली. तांब्या भरून जवळ ठेवावा तर घटकेत रिकामा. रात्रीतून चारदा उठायचं, दिवसा कामावर बसल्या बसल्या पेंगायचं, आणि अंगावरचा सदरा महिन्या-महिन्यानं ढिला. उस्तादांचं निदान तयार होतं, उन्हाळा बाधलाय. उन्हाळा सरला तरी तहान सरेना, तेव्हा बाईंनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान पण बोलायला सरळ. म्हणाल्या, "मधुमेह आहे. जाणार नाही, पण ऐकलंत तर त्रासही देणार नाही. गोळी रोज, जेवण मोजून, चालणं रोज. बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही."

"म्हणजे गोड बंद ना? केलं," उस्ताद म्हणाले आणि उठलेसुद्धा.

केलं, पण कसं! बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे आणि खिळ्यांच्या खणात, खिळ्यांच्या डब्याच्या मागे, गोड बिस्किटांचा पुडा. तो बाईंना मुंग्यांनी दाखवला. बिस्किटं बंद झाली तरी भाताचा ढीग होताच, कारण उस्तादांच्या मते भात गोड लागत नाही म्हणजे भातात साखर नाही. तपासणीच्या आधी चार दिवस मात्र साक्षात साधूपुरुष. अर्धं ताट, सकाळ-संध्याकाळ फेऱ्या, गोळ्या घड्याळ लावून. उपाशीपोटीचा आकडा छान यायचा आणि घरी येताना उस्ताद परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे चालायचे. पुढे कधीतरी डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला लावली आणि सोंग उघडं पडलं. चार दिवस उस्तादांनी भाताला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पुन्हा भात मागून घेतला. दुखत कुठेच नव्हतं ना, आणि न दुखणाऱ्या रोगाची भीती बाळगायला माणसाला वेळ कुठे असतो.

अशी काही वर्षं गेली. मग एक वर्ष आलं, त्याची आठवण बाईंना अजून गोड वाटते आणि अजून बोचतेही. त्या वर्षी उस्ताद फार खुशीत होते. जोडा घालून दिवसभर वावरायचे आणि संध्याकाळी काढताना म्हणायचे, "अगं, कुठेच काही नाही. एका जागी टोचलं नाही की दाबलं नाही. आता खरा हात बसला बघ माझा." रापी हातात घ्यायची वेळच येईना. आधी एका जोड्यावर तीन संध्याकाळी घालवणारा माणूस आता लवकर मोकळा व्हायचा. मग दोघं दुकानाच्या पायरीवर बसायची, ते शीळ घालायचे, त्या निवडणं-टिपणं करायच्या. संसारात इतका निवांत वेळ त्यांना कधी मिळाला नव्हता. देवानं शेवटी म्हातारपणी आराम दिला, असं त्यांना वाटलं.

गिऱ्हाइकं मात्र कुरकुरू लागली. आधी एक शिक्षक, मग दूधवाला. इथे लागतं, तिथे घासतं. उस्ताद हसून उडवून लावायचे. "पाय नाजूक झालेत लोकांचे. चालायची सवयच राहिली नाही."

मग पोस्टमन आला. या माणसाचा आख्खा जन्म पायांवर गेलेला, त्याचे पाय नाजूक म्हणायची सोय नव्हती. त्याचं माप आणि उस्तादांचं माप तंतोतंत एक, त्यामुळे त्याचे जोडे उस्ताद विशेष हौसेनं घालून बघायचे. त्यानं नवा जोडा फळीवर ठेवला. "उस्ताद, उजव्यात काहीतरी टोचतंय. खिळा वर आलाय वाटतं."

"काल दिवसभर माझ्या पायात होता हा. खिळा असता तर मला कळलं नसतं?"

"मी आपलं वाटलं ते सांगितलं."

"बसा इथे." उस्तादांनी तिथल्या तिथे जोडा पायात चढवला, नाडी आवळली आणि दाणदाण पाय आपटत दुकानात दोन चकरा मारल्या. "कुठाय खिळा? उद्या संध्याकाळी या. आजचा आणि उद्याचा दिवस घालून दाखवतो." पोस्टमन बिचारा जुन्या चपलेत परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंना फरशीवर तांबडे ठिपके दिसले. तांबड्या पॉलिशची डबी लवंडली असेल म्हणून त्यांनी फडक्यानं पुसले. पुसून मागे वळतात तो पुन्हा ठिपके. उस्ताद पाणी प्यायला आत आले होते आणि पाणी पिऊन बाहेर निघाले होते, ठिपके त्यांच्या मागोमाग चालले होते. बाईंनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं आणि जोडा ओढून काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. खिळा जोड्यातच होता, चांगला गव्हाच्या दाण्याएवढा वर आलेला.

"अहो, दुखत नव्हतं?"

उस्ताद आपल्या पायाकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसे बघत राहिले. "नाही गं," म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि मग एक नायलॉनचा धागा काढला, जाडसर, काडीला लावलेला. "डोळे मिटा उस्ताद. पायाला लागलं की हो म्हणायचं." उस्तादांनी डोळे मिटले. धागा अंगठ्याला टेकला, वाकला. मग दुसरं बोट, चवडा, टाच. मग दुसरा पाय. बाई शेजारी उभ्या होत्या. प्रत्येक वेळी त्यांच्या ओठावर हो येत होतं, आणि त्यांनी ते पदर तोंडाशी धरून आत दाबलं. मग थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच, ते म्हणाले, "करा ना सुरू. आम्ही तयार आहोत."

"झालं, उस्ताद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं, रागावल्या अजिबात नाहीत. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नसा मरगळतात, आणि सुरुवात पायांपासून होते. काटा लागला, चटका बसला, बूट चावला, काही म्हणता काही कळत नाही. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. ही जखम भरली नाही आणि काळी पडू लागली, तर बोट काढावं लागेल. कधी कधी पायही. उस्तादांनी एवढंच विचारलं, "मग वर्षभर माझे जोडे चावत नव्हते ते?" डॉक्टरीणबाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. उत्तर बाईंना माहीत होतं.

दुकानाला कुलूप लागलं. पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा हुकूम होता. पडद्यामागे खाटेवर उस्ताद आणि रोज एक पट्टी. या वेळी मात्र माणूस खरा घाबरला होता. भात वाटीनं मोजून घेतला, भाजी वाढवून घेतली, गोळी बाईंनी आठवण करण्याआधी घेतली, साखरेचा आकडा खरा येऊ लागला. जखम भरायला दोन महिन्यांच्या वर गेले, पण भरली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, अनवाणी फिरायचं नाही, पायात काही घालण्याआधी आत हात फिरवायचा, आणि रोज दोन्ही तळवे कुणीतरी नीट बघायचे, बोटांच्या मधलेसुद्धा.

सगळं पाळलं, शेवटचं सोडून. बाई दिवा घेऊन बसायच्या आणि उस्ताद पाय पोटाशी घ्यायचे. "माझे पाय माझे मला कळतात. तू कशाला बघतेस?" मग बाईंचाही तोल जायचा. "कळले असते तर ही वेळ आली असती का?" दुकान उघडलं तरी उस्ताद नवा जोडा हाती घेईनात. टाचा मारायच्या, शिवण घालायची, एवढंच. पाय जाईल ही भीती बाईंना सोडत नव्हती, आणि नवरा आतल्या आत विझतोय हे डोळ्यांना दिसत होतं. दोन्हींवर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

मग एके दिवशी पोस्टमन पुन्हा आला. त्याचा जोडा राहिलाच होता. उस्तादांनी नवा सोल घातला, खिळे एकेक करून ठोकले, हात आत घालून चाचपले आणि संध्याकाळी जोडा त्याच्यापुढे ठेवला. "घाला. नळापर्यंत जाऊन या."

पोस्टमन जाऊन आला. उस्तादांच्या आजाराचं त्याच्या कानावर होतंच. भला माणूस. म्हणाला, "फस्क्लास. कुठेच काही नाही बघा. पूर्वीसारखाच."

उस्तादांनी मान वर केली. पडद्याआड बाई हातातलं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या.

"खरं सांगा," उस्ताद म्हणाले. "मला आता कळत नाही. माझ्या पायांना काही कळत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मला कुठून कळणार?"

पोस्टमन बाकावर बसला आणि म्हणाला, "डाव्या करंगळीला लागतंय, उस्ताद. चालताना. जरा जास्तच."

"काढा," उस्ताद म्हणाले आणि रापी शोधायला लागले. तीनदा काढला, तीनदा घातला. चौथ्यांदा पोस्टमन नुसताच हसला, तेव्हा उस्तादांनी जोडा बांधून दिला.

लग्नाला तीस वर्षांच्या वर झाली होती. मला कळत नाही, हे शब्द बाईंनी त्या तोंडून पहिल्यांदा ऐकले होते. त्या चुलीपाशी जाऊन रडल्या, आणि रडताना त्यांना नवऱ्याचा जितका अभिमान वाटला तितका तो सगळ्या गल्लीचा उस्ताद होता तेव्हाही वाटला नव्हता.

पोस्टमन गेल्यावर उस्ताद आत आले. खाटेवर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं मोजे काढले आणि दोन्ही पाय बायकोसमोर लांब केले.

"बघ गं, काही आहे का?"

बाईंनी दिवा जवळ घेतला. उजवा पाहिला, बोटं फाकवून पाहिली. मग डावा. टाचेच्या कडेला एक फोड होता, पाण्यानं भरलेला, आजचाच असावा. सांगावं की न सांगावं, असं त्यांना वाटलं. आजच तर माणूस आपला ताठा सोडून आला होता.

"आहे," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी कुठे, कसा, मला तर काही वाटलं नाही, यातलं एक अक्षर विचारलं नाही. मोजे उचलले आणि काठी मागितली. "चल," म्हणाले, "दवाखाना अजून उघडा असेल."