तीन टोपीवाल्यांचा उशिरा येणारा ठोका

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. तोवर अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या साडूएवढा हट्टी माणूस मी पाहिला नव्हता. आरशातला धरायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. दोघंही आम्ही युसूफ वडगावचे, मधे दोन गल्ल्या. मी चौथीतून शाळा सोडून हलगी धरली, त्यानं सातवीतून सोडून ट्रकचं स्टेअरिंग धरलं, आणि या तीन इयत्तांच्या जोरावर तो जन्मभर मला शिकवत आला. काय शिकवत आला? तर अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांचं, ठोक्यावर बोलायचं गाणं. हिपहॉप!

नव्वद सालानंतरची गोष्ट. साडू मुंबईला माल घेऊन जायचा. बंदराजवळच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं परदेशी कॅसेटींचं पोतं उचललं. विचार असा की आतलं पुसायचं आणि लग्नाची गाणी भरून विकायची. येताना घाटात डुलकी लागू नये म्हणून एक कॅसेट लावून पाहिली, आणि पुसायचं जे राहिलं ते राहिलंच. इंग्रजी कुणाला वाचता येतंय? मग कव्हरावरचे फोटो पाहून त्यानं गाणाऱ्यांचं बारसं घातलं. भिंतीला टेकलेले. एक बाई दोन बाप्पे. आणि सगळ्यांत लाडके, तीन टोपीवाले. पुढं पोरांनी त्याला मोबाइलवर नावाजलेल्या मंडळींची गाणी ऐकवली, तर हा म्हणायचा, "ह्यांला इचारायला जग पडलंय. माज्या टोपीवाल्यांला कोन हाय?" त्याचं म्हणणं एकच. हिपहॉपची विहीर टोपीवाल्यांनी खोदली आणि काठावर पाटी लागली मागून आलेल्यांची. हे सांगताना त्याचा आवाज असा चढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सख्ख्या चुलत्यांच्या बांधाचा तंटा चाललाय.

दिवाळीनंतर तो ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर सोडायला जायचा. ट्रकमधे भांडी, शेळ्या, बाया-माणसं, लेकरं, आणि पुढं केबिनमधे टोपीवाले. बायका आधी शिव्या घालायच्या. पण एका टोळीच्या मुकादमानं मला शपथेवर सांगितलं की त्यांच्या फडात कोयते त्याच ठोक्यावर पडायला लागले, आणि टोळी परत आली तेव्हा तिच्यातली म्हातारी मोळी उचलताना मानेला एक झटका देत होती. टोपीवाल्यांचा प्रभाव जगात कुठकुठवर गेला ते जाणकारांनी शोधावं. युसूफ वडगावच्या म्हातारीच्या मानेपर्यंत गेला, एवढं मी पाहिलंय.

अंबाजोगाईच्या एका लग्नात तर कहरच झाला. वरातीत डीजेवाल्यानं आपल्याकडच्याच पोरांचं मराठी रॅप लावलं. साडू दोन मिनिटं कान टवकारून उभा राहिला आणि धोतर सावरत थेट डीजेच्या गाडीवर चढला.

"बे पोरा, ह्यो ठोका कुनाचा हाय?"

"मामा, खाली उतरा. माजाच हाय."

"तुजा? तुज्या बापाच्या अंगाला हळद लागायच्या आदी टोपीवाल्यांनी वाजवलाय ह्यो. माइकात नाव घे त्यांचं!"

पोरगं शहाणं. वाद नको म्हणून त्यानं पुकारा केला, "तीन टोपीवाल्यांचं हार्दिक स्वागत!" त्याबरोबर गर्दीतून पांढऱ्या टोप्यांची तीन वजनदार पाव्हणी मंडळी हात जोडत पुढं आली. आता पुढं आलेल्या माणसाला परत कसं धाडणार? वरात थांबवून तिघांना फेटे बांधावे लागले, नारळ द्यावे लागले. नवरीचा मामा दात-ओठ खात होता. साडूच्या डोळ्यांत मात्र पाणी. "फेटे चुकीच्या डोक्याला गेले, दादा," मला म्हणाला, "पन नाव तर निघालं."

आमचं दोघांचं भांडण एकाच ठोक्यावरचं. टोपीवाल्यांचा तिसरा ठोका जरा मागून पडतो. साडू म्हणायचा, "त्यातच मजा हाय, दादा. पंगत बसल्यावर पाव्हना यावा, आन सगळ्यांनी सरकून त्याला जागा करावी, तसा येतो त्यो." मी म्हणायचो, "पाव्हनं, उशिरा पडला म्हंजी चुकला. आमच्या उस्तादानं हलगीचं टिपरू हानलं असतं बोटावर." त्यावर तो म्हणायचा, "एकडाव बसून ऐका. निस्तं ऐका. हलगीवाल्या मानसानं 'बरूबर हाय' म्हनलं की माजे टोपीवाले तरले." तीस वर्षं त्याचं एवढंच मागणं. आणि तीस वर्षं मी बसलो नाही. यंत्रापुढं मांडी घालायला मी काय रिकामा होतो? तरी टोपीवाले रोज संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून माझ्या ओसरीवर यायचे. पण ते मी ऐकलं नाही, कानावर पडलं. त्यात फरक आहे.

पोत्यातल्या कॅसेटी एकेक करून गेल्या. कुणाला बुरशी लागली, कुणाची फीत उंदरानं ओढली. उरली एकच, टोपीवाल्यांची. त्या तेवीस सालच्या श्रावणात तिचा आवाज बसला. आता माझ्या साडूनं काय करावं? दमट हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, मग आम्ही उसाचं पाचट पेटवून ती शेकतो आणि आवाज खणखणीत होतो. हे तो तीस वर्षं पाहत आला होता. त्यानं चुलीतले निखारे ओढले आणि कॅसेट शेकली.

मेहुणीचा निरोप आला, "दाजी, या बरं. सकाळपासून चहा बी घेतला न्हाई ह्यांनी."

गेलो तर साडू ओसरीवर बसलेला. मांडीवर कॅसेट, तेलातल्या पापडासारखी वाकडी झालेली. मी तोंड उघडलं होतं हसायला. पण त्यानं वर पाहिलं आणि मी ते मिटून घेतलं.

"हलगी शेकली की बोलती ना, दादा?"

"बोलती."

"मग ही कावून बोलली न्हाई?"

मी त्याच्या शेजारी टेकलो. मग तोच म्हणाला, "तिकडं त्यांला कोन इचारत असंल का, देव जाने. हितं मी एकला होतो. आता तुमाला ऐकवायचं बी ऱ्हाऊन गेलं. संपलं." असं म्हणून त्यानं ती वाकडी कॅसेट देवळीत ठेवली, माझ्या मेहुणीनं पणती ठेवावी तशी. टेपच्या वायरीची गुंडाळी करून पिशवीत घातली. त्या संध्याकाळी दोन गल्ल्यांत इतकं शांत होतं की मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "कावून ओ, कान दुखतोय का?" मी म्हणालो, न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हलगी काखेत मारून साडूच्या अंगणात गेलो. मूठभर पाचट पेटवलं, हलगी शेकली, आणि कुणाला काही न विचारता टोपीवाल्यांचा ठोका धरला. बोटांना सगळा येत होता, कसा ते बोटांनाच ठाऊक. साडू तोंडात मिश्री घेऊन दारात आला आणि तसाच उभा राहिला. चूळ भरायचं भान नाही. बराच वेळ ऐकून त्यानं मान हलवली.

"दादा, तिसरा उशिरा पायजे."

उस्ताद गेल्यापासून माझ्या हलगीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी टिपरू थांबवलं, त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा सुरू केलं, आणि तिसरा उशिरा दिला.